दिवे लख्ख, गाडी गप्प

मुलांनो, एरवी मी तुम्हाला डोळे मिटून कल्पना करायला सांगतो. आज डोळे उघडे ठेवूनच करा. या गोष्टीत ज्यांनी डोळे मिटले, त्यांचीच फसगत झाली.

तर कल्पना करा, एक मोठं आवार आहे. पूर्वी तिथे लाकडाची वखार होती. वखार गेली, भुशाचा वास मागे राहिला. रविवारची सकाळ. तीनेकशे माणसं दाटीवाटीने उभी आहेत, मुंगीला शिरायला वाट नाही. मधोमध एक पांढरी व्हॅन, बॉनेट उघडं. व्हॅनसमोर राखाडी झगा घातलेला उंच माणूस. त्याच्या गळ्यात लाल कापडात गुंडाळलेली, मनगटाएवढी जाड साखळी. साखळीच्या दोन्ही टोकांना पितळेचा एकेक नाग. लोक त्याला साखळी महाराज म्हणतात.

"दिवे लाव," महाराज म्हणतात.

स्टिअरिंगवरचा माणूस दिवे लावतो. लख्ख.

"आता सेल्फ मार."

चावी फिरते. टक्. पुन्हा फिरते. टक्. बस, तेवढंच. इंजिन ना हूं करत, ना चूं. दिवे मात्र होते तसेच लख्ख.

"पाहिलंत?" महाराज गर्दीकडे वळतात. "बॅटरी मेली असती तर दिवे मेले असते. दिवे जागे आणि गाडी झोपलेली! याचा अर्थ काय? आत कोणीतरी बसलंय. गेलेलं माणूस बसलंय, आणि उठायचं नाव घेत नाही!"

गर्दीतून एक मोठा सुस्कारा निघतो. महाराज साखळी उतरवतात. एक नाग इंजिनाच्या लोखंडाला डसवतात, दुसरा बॅटरीच्या एका टोकाला. मग दोन्ही हात वर.

"जाणाऱ्याची वाट जाणाऱ्याला, राहणाऱ्याची राहणाऱ्याला! सुटलं, सुटलं, सुटलं! मार सेल्फ!"

चावी फिरते आणि व्हॅन धडधडत सुरू होते. टाळ्या पडतात. कोणी डोळे पुसतं, कोणी महाराजांच्या झग्याला हात लावून घेतं.

व्हॅनपासून चार पावलांवर एक अकरा वर्षांची मुलगी उभी होती. व्हॅन तिच्याच घरची. महाराजांच्या हिशेबाने आत बसलेली बाई म्हणजे तिची आई. सगळे तिच्याकडे बघत होते, आता रडेल, मग रडेल. ती रडली नाही.

तिला सगळे चिमटी म्हणत. तिच्या आईवडिलांची लाँड्री होती. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी व्हॅनमधून आणायच्या, धुवायच्या, वाळवायच्या, इस्त्री करून परत पोचवायच्या. चालायला लागल्यापासून ही पोर दोरीखाली उभी राहून आईच्या हातात कपड्यांचे चिमटे द्यायची, म्हणून चिमटी.

सात महिन्यांपूर्वी एका वळणावर व्हॅनला ट्रक धडकला. वडील गाडी चालवत होते, आई शेजारी होती. वडील वाचले.

झोपेत हात अंगाखाली दबला की बधिर होतो, ठाऊक आहे ना? आपलाच हात, पण दुसऱ्या कोणाचा तरी उचलून बघावा तसा लागतो. चिमटी आतून सगळीच तशी झाली होती. जेवण वाढलं की जेवायची, शाळा भरली की जायची. कोणी काही सांगितलं की म्हणायची, "बरं." आधी लोक म्हणाले, बिचारी. मग म्हणाले, पोर दगडाची आहे. तिने दोन्ही ऐकलं. दोन्हींना "बरं" म्हणाली असती.

इकडे व्हॅन कंपनीच्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये गेली आणि दोन महिन्यांनी नवऱ्या मुलासारखी नटून आली. नवं बॉनेट, नवे दिवे, आतून-बाहेरून नवा पांढरा रंग. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी: टक्.

वडील वर्कशॉपमध्ये गेले. काउंटरवरच्या माणसाने मशीन लावून बॅटरी तपासली.

"बॅटरी ठणठणीत आहे, साहेब."

"मग सुरू का होत नाही?"

"आमच्याकडून तर ओके आहे."

"तुमच्याकडून ओके आहे हो, माझ्याकडून नाहीये ना!"

त्यांनी बॅटरी बदलून दिली. नवीही महिन्याभरात मलूल झाली, नीट चार्जच होईना. मग तिसरी आली. पण जुनी असो की नवी, सकाळचा टक् काही सुटला नाही. रोज सकाळी इस्त्रीवाले दोघे मागून धक्का मारत, गाडी धक्क्यावर सुरू होई, आणि वडील संध्याकाळपर्यंत इंजिन बंदच करत नसत. चादरी उतरवतानाही ते दारात धडधडत राही.

अशात कोणीतरी महाराजांचं नाव सांगितलं. बुडत्याला काडीचा आधार, इथे तर साखळी होती. महाराजांनी पहिल्याच रविवारी विचारलं होतं, "सेल्फ मारताना गाडीत कोण असतं?"

"मी असतो. आणि लेक. तिला शाळेत सोडायचं असतं."

"रोज?"

"रोज."

महाराज बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. मग हळू म्हणाले, "आई लेकीला सोडत नाही. लेक जवळ आहे तोवर ती उठायची नाही. तीन रविवार साखळी लावतो. तिसऱ्या रविवारनंतर लेकीला लांब ठेव. वर्षभर तोंड दाखवायचं नाही. नाहीतर आई तिला घेऊन जाईल."

वडिलांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा चिमटी म्हणाली, "बरं." लांबच्या गावाहून आत्या तिला न्यायला आली. तिची बॅग भरली गेली आणि दाराशी ठेवली गेली. पहिल्या रविवारी साखळीने गाडी सुरू झाली होती, पण सोमवारी सकाळी पुन्हा टक्. मघाशी आपण पाहिला तो दुसरा रविवार होता. हातात उरले होते सात दिवस.

पण त्या दुसऱ्या रविवारी चिमटीला दोन गोष्टी दिसल्या.

एक म्हणजे, इंजिन सुरू झाल्यावर महाराजांच्या शिष्याने नाग सोडवला. त्याने नागाच्या शेपटीशी दाबलं, तसा नागाने जबडा उघडला. सोडलं, तसा खटकन मिटला. चिमटे म्हणजे काय हे त्या आवारात हिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. ती मनात म्हणाली, हा नाग नाही. हा चिमटा आहे, आत स्प्रिंग आहे.

दुसरी गोष्ट, महाराज आलेल्या प्रत्येक गाडीला आधी एकच सांगत: दिवे लाव, सेल्फ मार. ज्या गाड्यांचे दिवे सेल्फ मारताना मिणमिणे होत, त्यांना म्हणत, "यात कोणी नाही बसलेलं. बॅटरी बदल, जा." ज्यांचे लख्ख राहत, त्यांनाच साखळी.

बधिर हातात पहिली मुंगी येते ना, तसं तिला काहीतरी झालं. सुखाचं नव्हतं ते. पण काहीतरी होतं.

सोमवारी ती शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडे गेली. बाई वह्या तपासत होत्या. चिमटीने पाहिलेलं सगळं सांगितलं आणि विचारलं, "बाई, मेलेलं माणूस गाडीत बसलं तर दिवे का लागतात?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या हसल्या नाहीत, आणि "अगं वेडे, असं काही नसतं" असंही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "तुला काय वाटतं?"

"मला काहीच वाटत नाही."

"मग तर फारच उत्तम. ज्याला आधीपासून काही वाटत नसतं, तो चांगलं बघतो. मला सांग, महाराजांकडे साखळी कोणाकोणाच्या गाडीला लागते?"

"अपघात झालेल्यांच्या. सगळे तसंच म्हणतात."

"सगळे म्हणतात, की तू विचारलंस?"

चिमटीने दप्तरातून कोरी वही काढली. मग तीन दिवस ती शाळा सुटल्यावर वही घेऊन दारोदार हिंडली. गुरुवारी वही बाईंसमोर ठेवली. साखळी लागलेल्या सात गाड्या. पाच घरांतलं कोणी ना कोणी अपघातात गेलेलं. पण दोन गाड्या वेगळ्या निघाल्या. एक शिंप्याची. ती उभ्या उभ्या झाडाची फांदी पडून चेपली होती. दुसरी दातांच्या डॉक्टरीणबाईंची.

"त्यांचं कोण गेलं?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही. त्यांनी गाडी स्वतःच्याच फाटकावर घातली. महाराज म्हणाले, कोणीतरी पूर्वज असेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझे पूर्वज बैलगाडीत बसायचे, त्यांना माझ्या गाडीत काय रस?"

बाई एवढ्या हसल्या की वह्यांचा गठ्ठा कलंडला. चिमटी हसली नाही, पण बोलत राहिली. "आणि बाई, दवाखान्याच्या ॲम्ब्युलन्सवाल्यालाही विचारलं. त्याच्या गाडीत तर कितीतरी माणसं गेली आहेत. ती एका सेल्फला सुरू होते."

"शाब्बास! हा मुद्दा माझ्याही डोक्यात आला नव्हता. मग या सातही गाड्यांत सारखं काय आहे?"

चिमटीने वहीवर बोट ठेवलं. "सगळ्या त्याच वर्कशॉपमध्ये गेल्या. सगळ्यांच्या पुढच्या भागाला नवा रंग दिला. ॲम्ब्युलन्सला नाही दिला."

बाईंनी खडू घेतला. "तुमच्या धुतलेल्या चादरी दवाखान्यात जातात. मळलेल्या परत येतात. समजा, येण्याचा रस्ता बंद झाला. दुसऱ्या दिवशी काय होईल?"

"पाठवायला चादरीच नसतील. काम बंद."

"विजेचं अगदी तसंच. बॅटरीतून निघते, सेल्फच्या मोटरमधून जाते, आणि इंजिनाच्या लोखंडातून, मग गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत येते. इंजिन आणि पत्रा यांना जोडणारी एक पट्टी असते, तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. ती पत्र्याला चिकटलेलीच नसेल तर? बॅटरी भरलेली, पण विजेला परतीची वाटच नाही. दिव्यांची परतीची वाट वेगळी असते, ती थेट पत्र्यातून. म्हणून दिवे लख्ख, गाडी गप्प. आणि बॅटरीत वीज भरणारं यंत्रही इंजिनावरच बसलेलं असतं. म्हणून चार्जिंगही धड नाही."

"आणि महाराजांची साखळी?"

"तूच सांग."

चिमटीने फळ्याकडे पाहिलं. "ती परतीची वाट आहे. कापडात गुंडाळलेली."

शनिवारी संध्याकाळी बाई चौकातल्या बॅटरीकाकांना घेऊन लाँड्रीत आल्या. बॅटरीकाकांचं सारं आयुष्य बॅटऱ्या विकण्यात आणि दुरुस्त करण्यात गेलेलं. वडिलांनी कसनुसं तोंड केलं. "बाई, आता कशाला? उद्या शेवटची साखळी आहे."

चिमटी पुढे आली. "पप्पा, मी नसताना तुम्ही किती वेळा सेल्फ मारून पाहिलात?"

वडील व्हॅनच्या चावीशी चाळा करू लागले.

"एकदा तरी?"

"नाही पाहिलं."

"मग मी आता फाटकाबाहेर जाते. तुम्ही मारा."

ती बाहेर जाऊन उभी राहिली, आत्या तिच्या सोबतीला. वडिलांनी चावी फिरवली. टक्.

"अजून लांब जा," बाई म्हणाल्या. दोघी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेल्या. टक्. मग पार पुलाच्या तोंडापर्यंत, जिथून लाँड्री दिसतही नव्हती. इस्त्रीवाला सायकलवरून निरोप घेऊन आला: टक्.

आत्याला धाप लागली होती. ती परत येऊन दारातच ओरडली, "दादा, आणखी किती लांब नेऊ रे हिला? माझ्या गावाला नेली तरी ही मेली गाडी टक्च म्हणणार!"

बॅटरीकाकांनी मीटर काढला. एक तार इंजिनाला, एक बॅटरीच्या वजा टोकाला. "मारा सेल्फ." काटा अकरा व्होल्टपर्यंत गेला. "इथे जवळजवळ शून्य हवं," काका म्हणाले. "बॅटरीचा सगळा जोर वाटेतच अडकलाय. पोरीचं बरोबर आहे. थांबा, पट्टी आत्ता घासून देतो."

"आत्ता नको," चिमटी म्हणाली. "आत्ता सुरू झाली तर लोक म्हणतील, दोन रविवारच्या साखळीचा गुण आला. उद्या. सगळ्यांसमोर."

वडील स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. डोकं वर न करताच म्हणाले, "उद्या तूच कर."

तिसरा रविवार. आवार तेच, गर्दी दुप्पट, कारण लेकीला निरोप द्यायचा असल्याचं सगळ्यांना कळलं होतं. महाराज साखळी उतरवू लागले, तशी चिमटी व्हॅनपुढे जाऊन उभी राहिली. तिच्या हातात बॅटरीकाकांकडची काळी केबल होती, दोन्ही टोकांना चिमटे.

"हिला बाजूला घ्या," महाराज म्हणाले. "आई खेचून घेईल!"

"आज माझी लेक लावेल," वडील स्टिअरिंगवरून म्हणाले.

चिमटीने एक चिमटा इंजिनाला लावला, दुसरा बॅटरीच्या वजा टोकाला. मग दोन्ही हात वर करून ती सपाट आवाजात म्हणाली, "तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. तेरा त्रिक एकोणचाळीस. पप्पा, सेल्फ मारा."

व्हॅन धडधडत सुरू झाली.

"आता बंद करा." तिने केबल काढली. "आता मारा." टक्. केबल लावली, सुरू. काढली, टक्. पाचव्या खेपेला गर्दीतली पोरं आधीच ओरडू लागली, "आता टक्! आता सुरू!"

"माझ्या साखळीचं बळ गाडीत उतरलंय," महाराज म्हणाले. "ही त्याच बळावर खेळतेय."

"मग हे बघा," बॅटरीकाका म्हणाले आणि पाना घेऊन वाकले. त्यांनी पत्र्याला कसलेला एक बोल्ट सोडवला, पट्टीचं टोक बाजूला केलं. खाली पत्रा कुठे होता? गुळगुळीत, चमकदार पांढरा रंग! रंग देणाऱ्याने रंग दिला, जोडणाऱ्याने त्याच्यावरच पट्टी कसली. दोघांचंही काम चोख, आणि दोघांच्या मध्ये पाहणारं कोणी नाही. लोक एकेक करून वाकून बघून गेले. काकांनी पॉलिश पेपर चिमटीच्या हातात दिला. तिने रंग घासला, खालून चकचकीत लोखंड उघडं पडलं. पट्टी पुन्हा कसली. चिमटी आत जाऊन बसली, सगळ्यांना दिसेल अशी. वडिलांनी चावी फिरवली. केबल नाही, साखळी नाही. पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू.

बॅटरीकाकांनी महाराजांकडे पाहिलं. "दिव्यांवरून बरोबर ओळखता की! हे पुस्तकात वाचून येत नाही. कुठल्या गॅरेजला होतात?"

महाराज साखळी गुंडाळत होते. एकदम साध्या आवाजात म्हणाले, "सांगून कोणी ऐकलं असतं? शोरूमने ऐकलं असतं? झगा घातला तेव्हा ऐकायला लागले."

"नसतं ऐकलं कदाचित," बाई म्हणाल्या. "म्हणून एका पोरीला घराबाहेर काढायचं?"

महाराज साखळी काखोटीला मारून फाटकाकडे वळले. शिष्य तर केव्हाच पसार झाला होता.

वडिलांनी इंजिन बंद केलं. कितीतरी महिन्यांनी त्यांनी ते निर्धास्त बंद केलं होतं. ते समोरच्या काचेकडे बघत होते.

"म्हणजे ती नव्हतीच," ते म्हणाले.

"नव्हती, पप्पा."

"मला वाटायचं, निदान आहे तरी. अडून बसलीय, रागावलीय, पण आहे."

"मलाही," चिमटी म्हणाली. आणि मुलांनो, हे तिने पहिल्यांदाच कोणाला सांगितलं. आत्याने येऊन मागचं दार उघडलं आणि तीही बसली.

आता मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. या आवारातली माणसं मूर्ख नव्हती. ती दुःखी होती, आणि दुःखी माणसाला कारण हवं असतं, कसलंही. म्हणून कोणी तुम्हाला चमत्कार दाखवला तर तीन प्रश्न विचारा. हे आणखी कुठे घडलं? जिथे घडायला हवं होतं, तिथे कुठे घडलं नाही? आणि मी बाजूला झालो तर काय होतं, हे कोणी करून पाहिलंय का? उत्तर आवडेलच असं नाही. पण ते खरं असेल, आणि खऱ्यापायी कोणाला आपल्या लेकीला घराबाहेर पाठवावं लागत नाही.

गर्दी पांगली. व्हॅनमागे रांगेत एक निळी गाडी राहिली होती. तिच्याशेजारी पायरीवर एक आजोबा बसले होते. गाडी त्यांच्या मुलाची, आणि मुलगा आता नव्हता. आज त्यांची पहिली साखळी लागायची होती.

चिमटी पॉलिश पेपर घेऊन त्यांच्याकडे गेली. "आजोबा, या गाडीला नवा रंग दिला होता का?"

आजोबांनी मान हलवली. होय. मग हात आडवा धरला. "पण राहू दे, पोरी. आज नको."

चिमटीने एकदा बॉनेटकडे पाहिलं, एकदा आजोबांकडे. पॉलिश पेपरची घडी घालून खिशात ठेवली, आणि ती त्यांच्याशेजारी पायरीवर बसली.

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल तेव्हा. तुमचा मुलगा काय काम करायचा, आजोबा?"